दुधाच्या पिशवीचा कोपरा

सकाळी सात वाजायच्या आत गल्लीच्या तोंडाशी ते गाणं वाजायला लागतं आणि आमच्या घरात धांदल उडते. हे पेपर टाकून उठतात, मी गॅस बारीक करते आणि सासूबाई आतल्या खोलीतून ओरडतात, "अगं, गाडी आली!" जसं काही आम्हाला ऐकूच येत नाही. दूधवाला चुकला तर कोरा चहा पिता येतो. कचरागाडी चुकली तर दुसऱ्या दिवसापर्यंत कांद्याच्या साली आणि आपण एकाच घरात. बाहेर नेऊन टाकायची सोय नाही, कारण आमच्या रामबागेत कोपऱ्यावर आता कुंडीच उरलेली नाही. आणि असती तरी समोरच्या काकूंनी खिडकीतून पाहिलं असतं.

माझं माहेर इंदूर, सासरही इंदूर. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की पूर्वी आम्ही त्यांना राजवाडा दाखवायचो, छप्पनच्या खाऊगल्लीत न्यायचो, रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस खायला घालायचो. आता त्यांना सकाळी उठवून कचरागाडी दाखवतो. हा थोडा आचरटपणा आहे, मान्य आहे. पण 2016 च्या स्वच्छ सर्वेक्षणात ज्या गावाचा नंबर 25 वा होता आणि 2017 पासून 2023 पर्यंत दर वर्षी जे पहिलं आलं, त्या गावातल्या माणसांच्या अंगात एवढी हवा शिरायचीच.

गाडीच्या मागे कप्पे आहेत. ओला, सुका, प्लास्टिक, जुन्या बॅटऱ्या-वायरींचा, रंगाचे डबे आणि मुदत संपलेल्या औषधांचा, आणि एक सॅनिटरी. हा शेवटचा कप्पा आमच्या घरात आला तो सासूबाईंमुळे. त्या शहाऐंशीच्या. दोन वर्षांपूर्वी मोरीच्या उंबऱ्यावर पाय घसरला, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून रात्रीचा डायपर. पहिले काही महिने तो टाकून देणं हा आमच्या घरातला सगळ्यात गुप्त कार्यक्रम होता. आधी वर्तमानपत्र, त्यावर पन्नी, त्यावर आणखी एक काळी पन्नी, वर गाठ. पन्नी म्हणजे प्लास्टिकची पिशवी. आम्ही इंदूरची मराठी माणसं तिला पन्नीच म्हणतो, भंगाराला अटाला म्हणतो, आणि पुण्यात जाऊन तसं बोललो की मार खातो. तर असं गाठोडं घेऊन मी जायचे आणि आई दाराआड उभ्या राहायच्या, कुणी बघतं का ते बघायला.

एक दिवस गाडीवरच्या दीदीने ते गाठोडं हातात तोललं आणि सरळ म्हणाली, "आंटी, पन्नी मत बांधो. अख़बार में लपेट के दो, ऊपर लाल निशान लगा दो, बस. आजी को बोलना, शरम की कोई बात नहीं."

आत आले तर आई पांढऱ्याफटक. "तिला कसं कळलं माझं आहे ते?"

म्हटलं, "आई, तिला गल्लीतल्या सगळ्यांचं सगळं कळतं." कोण बाहेरून मागवून खातं, कुणाच्या घरी रोज रात्री बाटली रिकामी होते, कुणाकडे पथ्य सुरू झालं. तिच्याएवढं आमच्या घरांबद्दल आमच्या डॉक्टरांनाही माहीत नसेल.

त्या दिवसापासून आई दाराआड उभ्या राहत नाहीत. वॉकर घेऊन ओट्यावर येतात, दीदीशी दोन शब्द बोलतात. आणि दोन पन्न्यांच्या जागी नुसतं वर्तमानपत्र जातं. महिन्याला साठ पन्न्या वाचल्या, हा हिशेब आईंनीच केला.

त्यांना हिशेबाची खोड जुनीच आहे. दुधाची पिशवी कापतात ती अशी की कोपऱ्याचा त्रिकोण पिशवीला एका बाजूने लटकत राहावा. कात्री शेवटच्या दोन दोऱ्यांइतक्या अंतरावर थांबते. मग पिशवी उलटी करून विसळतात, ते पाणी चहात, पिशवी नळावर पालथी, दुपारी दोरीवर चिमट्याला. शंभर-दीडशे जमल्या की अटालेवाला. मी लग्न होऊन आले तेव्हा कच्चकन कोपरा उडवायचे. तो नखाएवढा तुकडा कधी ओट्यावर चिकटायचा, कधी सिंकमध्ये पाण्याबरोबर गर्रकन फिरून जाळीतून आत. एकदा आई म्हणाल्या, "तो तुकडा कुठे गेला?"

"गेला पाण्यात."

"पाण्यातून कुठे?"

मला तेव्हा राग आला होता. नव्या सुनेला असे प्रश्न विचारतात का कुणी? पण उत्तर मला येत नव्हतं हेही खरं. ते मला पुष्कळ वर्षांनी सापडलं, आणि ते सापडल्यावर मी नकाशा घेऊन आईंच्या पलंगावर बसले होते.

सिंकमधलं पाणी जायचं नाल्यात आणि नाला जायचा नदीत. आमच्या लहानपणी तिला सगळे खान नदी म्हणत, आता पाट्यांवर कान्ह असतं. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, म्हणजे होळकरांच्या समाध्यांपाशी, त्यांनी जी नदी पाहिली असेल ती आम्ही कधीच पाहिली नाही. आम्ही पाहिली ती नाक दाबून ओलांडायची गोष्ट. ही कान्ह पुढे उज्जैनजवळ त्रिवेणीला क्षिप्रेत मिळते. क्षिप्रा चंबळेला. चंबळ गांधीसागर धरणातून, कोट्यावरून, घडियाली मगरींच्या अभयारण्यातून जाते आणि पचनदाला यमुनेत शिरते. यमुना प्रयागला गंगेत. आणि गंगा बंगालच्या उपसागरात. म्हणजे आमच्या रामबागेतल्या ओट्याचा समुद्र बंगालचा.

आई नकाशावरून बोट फिरवत गेल्या. म्हणाल्या, "पण आपल्याकडे पाणी तर नर्मदेचं येतं."

हीच तर गंमत आहे! इंदुरात नर्मदेचं पाणी यावं म्हणून 1970 मध्ये मोठं आंदोलन झालं. माझे वडील तेव्हा कॉलेजात होते, त्यांच्या तोंडून त्याच्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो. 1978 मध्ये पाणी आलं. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर नळातून, अख्खा विंध्य चढवून. नर्मदेचं पाणी वाटेल तसं सोडलं असतं तर ते भरूचवरून खंबातच्या आखाताला गेलं असतं, पश्चिमेला. आम्ही ते पंपांनी उचलून डोंगराच्या अलीकडे आणतो, त्याने भांडी घासतो, आणि उताराला लावतो तेव्हा ते पूर्वेच्या समुद्राकडे निघतं. महू-सिमरोलच्या पलीकडे उतार फिरतो. तिथली चोरल नदी शहाण्या मुलीसारखी नर्मदेला जाऊन मिळते. अलीकडचं सगळं गंगेच्या पदरात. इंदूर त्या उताराच्या आढ्याजवळच बसलंय, आणि तरी शहरातल्या एकाही माणसाला आपला समुद्राशी काही संबंध आहे असं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

ताई मुंबईला असते, वर्सोव्याजवळ. तिथे 2015 मध्ये अफरोज शाह नावाच्या वकिलाने किनारा साफ करायला सुरुवात केली, आधी शेजाऱ्याबरोबर दोघंच, मग शनिवार-रविवारी शेकडो माणसं. ताईही दोन-तीनदा गेली होती. एका पावसाळ्यात मी तिच्याकडे असताना मोठ्या भरतीनंतर आम्ही गेलो. समुद्राने रात्रभर जे काही परत केलं होतं ते ओळीत मांडून ठेवलं होतं, लग्नात आहेर मांडतात तसं. चपला, शाम्पूच्या पुड्या, बाटल्यांची बुचं, मासेमारीच्या जाळ्यांचे हिरवे-निळे गुंते, आणि पन्न्या. वाळूतून एक पन्नी ओढायला लागलं की ती येतच राहते. अर्धी वर, अर्धी वीतभर खोल, आणि आत ओली वाळू भरून जड झालेली. दहा मिनिटांत माझी कंबर बोलायला लागली. मला वेड्यासारखं वाटत होतं की यात आपल्या इंदुरी शेवेचं एखादं पाकीट सापडेल. शोधलंसुद्धा. मग लक्षात आलं की आपलं पाणी मुळात इकडे येतच नाही. सापडायचं असेल तर तिकडे, सुंदरबनात कुठेतरी.

खरंच तिथे पोचत असेल का, हा प्रश्न मात्र सोपा नाही आणि या विषयावर बोलणारे लोक तो फार पटकन उरकतात. 2015 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एक हिशेब मांडला, तो अजून सगळीकडे सांगितला जातो: 2010 या एका वर्षात 48 लाख ते 1 कोटी 27 लाख टन प्लास्टिक जमिनीवरून समुद्रात गेलं. या आकड्यांमधली दरी बघा, म्हणजे मोजणं किती कठीण आहे ते कळेल. पण त्या हिशेबात इंदूर नव्हतंच. त्यांनी किनाऱ्यापासून 50 किलोमीटरच्या आत राहणारी माणसं धरली होती. नद्यांचा हिशेब नंतर आला. 2017 च्या एका अभ्यासाने म्हटलं की नद्यांतून जाणाऱ्या प्लास्टिकचा बहुतांश भाग जगातल्या दहाच मोठ्या नद्या वाहून नेतात, त्यात आपल्या गंगा आणि सिंधू. गंगेकडे बोट दाखवायला सगळ्यांना बरं झालं. 2021 मध्ये आणखी बारकाईने केलेला हिशेब आला आणि त्याने ते उलटवलं: 80 टक्के भार हजाराहून जास्त नद्यांचा मिळून आहे, आणि त्यात शहरांतून वाहणाऱ्या लहानलहान नद्या, ओढे, नालेसुद्धा मोठे दोषी. कान्हसारखे. मात्र त्याच अभ्यासात हेही आहे की समुद्र जितका लांब तितकी वस्तू तिथे पोचण्याची शक्यता कमी. वाटेत झाडं-झुडपं, वाळू, बंधारे.

आमच्या वाटेवर तर गांधीसागर आहे, पुढे राणा प्रताप सागर, जवाहर सागर, कोट्याचा बंधारा. म्हणजे माझा नखाएवढा त्रिकोण बहुधा गांधीसागरच्या गाळात बसला असेल. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक तर पाण्याहून जड असतं, बुडतं. पिशवीचं हलकं असतं, ते तरंगतं आणि जाऊ शकतं तितकं जातं. उन्हाने कडक होतं, तुटतं, तुकड्याचे तुकडे होतात, दिसेनासे होतात. नाहीसे होत नाहीत. मग ते गाळात राहिलं काय आणि घडियालीच्या पोटात राहिलं काय. "समुद्रात पोचत नाही" म्हणून हुश्श करावं असं त्यात काही नाही, एवढंच मी आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी तरी कुठे समुद्र म्हणाले होते? मी विचारलं, कुठे गेला."

या सगळ्यात मला जे कळलं ते असं, की पन्नी नाल्यात पडल्यावर तिच्यामागे धावण्यात अर्थ फार थोडा उरतो. समुद्रात जाळी ओढणारी जहाजं आहेत, नद्यांच्या तोंडाशी लावायचे तराफे आहेत, मी त्यांची टिंगल करत नाही, कुणीतरी तेही करायला हवं. पण ती पन्नी ज्या क्षणी डाळ-भाताच्या खरकट्यात मिसळते त्या क्षणी ती मेलेली असते. कोरडी, स्वच्छ पिशवी अटालेवाला घेतो. आमटीत भिजलेली कुणी घेत नाही. घेत नाही म्हणून ती ढिगावर जाते, ढिगावरून वाऱ्याने नाल्यात. म्हणजे दोन बादल्या वेगळ्या ठेवणं याचा अर्थ पन्नीला किंमत देणं. ज्याला किंमत आहे ते नदीत जात नाही. जुनं वर्तमानपत्र कधी कान्ह नदीत तरंगताना पाहिलंय?

हे मला सांगितलं देवगुराडियाने. लोकांची महिला मंडळं सहलीला मांडूला जातात, आमचं मंडळ ट्रेंचिंग ग्राउंडला, म्हणजे कचराडेपोला गेलं. देवगुराडियाला डोंगरापाशी महादेवाचं जुनं देऊळ आहे, लहानपणी शिवरात्रीला वडिलांबरोबर जायचो. पुढेपुढे तिकडे जाणं बंद झालं. शहराचा कचरा तिथे साठत साठत डोंगराशेजारी दुसरा डोंगर झाला. त्याला आग लागायची, आतल्या आत धुमसायची, आणि वारा फिरला की बायपासपर्यंत वास. 2018 मध्ये तो डोंगर उपसला. सुमारे 13 लाख टन. जुना कचरा खणायचा, वाळवायचा, मोठाल्या फिरत्या चाळण्यांतून चाळायचा. माती वेगळी, दगड-विटा वेगळ्या, चिंध्या-प्लास्टिक वेगळं. सगळं काम ठेकेदाराच्या हवाली करण्याऐवजी महापालिकेने यंत्रं भाड्याने घेतली आणि काही महिन्यांत सुमारे 100 एकर जमीन मोकळी केली. तेव्हाचे आयुक्त आशीष सिंह यांचं नाव इथला रिक्षावालासुद्धा घेतो. आता तिथे बाग आहे. आम्ही तिथे बसून घरून आणलेले मेथीचे ठेपले खाल्ले, आणि आमच्यातली एक म्हणाली, "आपण कशावर बसून खातोय ते विसरू नका." मग काही वेळ कुणी घास घेतला नाही.

बाजूला ओल्या कचऱ्याचा कारखाना. दिवसाला 550 टन घेण्याची त्याची क्षमता, फेब्रुवारी 2022 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाला. माझ्या घरच्या दुधीच्या साली त्यात सडतात, त्यातून गॅस निघतो, आणि त्या गॅसवर शहरातल्या बसगाड्या चालतात. पण यात मिठाच्या खड्याएवढी गोष्ट अशी की ओल्यात प्लास्टिक आलं की यंत्राचा घसा बसतो. म्हणून तर दीदी माझ्या बादलीत हात घालून कढीपत्त्याची पन्नी बाहेर काढते आणि माझ्या तोंडासमोर धरते. आधी मला तो अपमान वाटायचा.

सुक्या कचऱ्याच्या शेडमध्ये सरकते पट्टे आहेत. यंत्रंही आहेत, फुंकर मारून हलकं-जड वेगळं करणारी. पण पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या असतात. त्यातल्या कित्येक पूर्वी कुंड्यांवर पाठीला पोतं लावून फिरायच्या. त्यांचे हात मी बराच वेळ बघत राहिले. बाटली येते, उजवा हात तिला उचलतो, डाव्याने बूच निघतं, कुठलं प्लास्टिक हे बोटांना आवाजावरून समजतं. चुरगळलं तर करकरतं ते एक, मऊ राहतं ते दुसरं. मी बँकेत तीस वर्षं नोटा मोजल्या. खोटी नोट बोटाला कळायची. तसंच ते. फरक इतकाच की माझ्या खुर्चीला पाठ होती आणि वर पंखा होता.

तिथल्या एकीने पट्ट्यावरून एक पाकीट उचललं. लाल-पिवळं, आतून चंदेरी. शेवेचं. इंदूरचंच. आम्हाला दाखवून म्हणाली, "ये किसी काम का नहीं."

बाटली विकली जाते, दुधाची पिशवी विकली जाते, शाम्पूची मोठी बाटलीही. पण हे पाकीट म्हणजे एकात एक चिकटवलेले प्लास्टिकचे आणि धातूचे पातळ थर. ते सोडवत बसणं कुणाला परवडत नाही. त्याच्या गठ्ठ्या बांधतात आणि सिमेंटच्या भट्ट्यांना जाळायला पाठवतात, कोळशाच्या जागी. नाल्यात जाण्यापेक्षा बरं, यात शंका नाही. पण त्याला "पुनर्वापर" म्हणायला माझी जीभ रेटत नाही. 1950 पासून 2015 पर्यंत जगाने जेवढं प्लास्टिक टाकून दिलं, त्यातलं जेमतेम 9 टक्के वितळवून पुन्हा वापरात आलं, असं एका अभ्यासात वाचलं होतं. तो आकडा मला त्या शेडमध्ये, त्या पाकिटाच्या रूपात दिसला.

आणि पाकीट आमचं! ज्या गावात पोह्यांवर शेव, जेवणात शेव, शेवेची भाजी, आणि बाहेरगावी जाताना बॅगेत कपड्यांआधी शेव भरतात, त्या गावाने देशभर जे पाकीट पाठवलं ते कुठल्याही गावाच्या पट्ट्यावर कामाचं नाही. आम्ही आमच्या गावात ते गोळा तरी करतो. पण तेच पाकीट जिथे गाडी येत नाही अशा तालुक्याच्या ठिकाणी उघडलं गेलं की काय होतं? जागतिक बँकेच्या 2018 च्या अहवालात आहे की गरीब देशांतल्या शहरांत निम्म्याहून कमी कचरा उचलला जातो, आणि तरी तिथल्या नगरपालिकांचा साधारण पाचवा हिस्सा पैसा त्यावरच जातो. आपल्याकडचीच चार गावं आठवून बघा. रस्ता, पाणी, दिवे, आणि वर आमच्या नमकीनचं पाकीट निस्तरायचं. कंपन्यांनी आपलं पाकीट परत गोळा करायची जबाबदारी घ्यावी, असा नियम 2016 पासून आहे. कागदावर तो चांगलाच आहे. दुकानात मला अजून कुणी पाकीट परत मागितलेलं नाही.

इंदूरच्या स्वच्छतेचं कौतुक मी पुष्कळ केलं, म्हणून दोन खटकणाऱ्या गोष्टीही सांगते. रंगपंचमीच्या गेरनंतर, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीनंतर, राजवाड्याचे रस्ते काही तासांत धुऊन निघतात, ते मी डोळ्यांनी पाहिलंय, थक्क व्हायला होतं. पण त्या स्वच्छतेला एक सवय लागते, की पडू दे, कुणीतरी उचलेल. लग्नसमारंभात प्लास्टिकचे पेले नकोत म्हणून इथे स्टीलच्या भांड्यांची बँक निघाली, फुकट भांडी नेता येतात. आमच्या नात्यातल्या एका मुंजीत मी ते सुचवलं तर मला उत्तर मिळालं, "मग घासणार कोण?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मीही घासणार नव्हते. आणि 1 जुलै 2022 पासून एकदा वापरून फेकायच्या कित्येक वस्तूंवर देशभर बंदी आहे, पातळ पन्न्यांवर तर त्याआधीपासूनच, तरी भाजी बाजारात पाव किलो मिरच्यांना अजून पातळ पन्नी मिळते, मागितली की गल्ल्याखालून.

नदीचं म्हणाल तर, नाले अडवले, घरांची सांडपाण्याची तोंडं गटाराला जोडली, पाणी कबीटखेडीच्या प्रकल्पात शुद्ध होऊ लागलं, 2021 मध्ये शहराला "वॉटर प्लस" हा देशातला पहिला मान मिळाला. वास खरंच कमी झाला. परवा जुन्या इंदूरच्या पुलावर थांबले होते. आदल्या दिवशी मोठा पाऊस झालेला. पाणी उतरलं होतं आणि काठच्या बाभळीला पुरुषभर उंचीवर पन्न्या लटकत होत्या, एका रेषेत, पूर कुठवर आला होता ते दाखवत. मी मोजायला लागले आणि चाळिसाच्या पुढे सोडून दिलं. शहराबाहेरून, वरच्या वस्त्यांतून आल्या असतील. आमच्याही असतील.

नर्मदेच्या बाबतीत मी कुणाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. खलघाटच्या पुलावरून जाताना आमची बस हळू व्हायची, सगळे खिडकीतून पैसे टाकायचे, हात जोडायचे, आणि घरून आणलेलं निर्माल्य आई माझ्या हातात द्यायची. पन्नीत, गाठ मारून. मी ते पुलावरून टाकायचे आणि ते तरंगत पुढे जाताना मागच्या काचेतून बघत राहायचे. चांगलं लांबपर्यंत दिसायचं. तेव्हा वाटायचं, मैयाने घेतलं.

सहलीहून आल्यावर मी ठरवलं की शेव पाकिटात आणायची नाही. आमच्या घरी पूर्वी सासरे पितळी डबा घेऊन जात, तेव्हा हलवायाकडे शेव सुटी मिळायची, अजूनही मिळते. लवंगाची शेव, अर्धा किलो. मी स्टीलचा डबा धुऊन, पुसून, उन्हात तापवून घेतला आणि गेले. गर्दी होती. माझा नंबर आला तेव्हा मी डबा पुढे केला.

दुकानदाराने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "डब्बे का वज़न काटना पड़ेगा," तो म्हणाला, आणि मागे रांग. मग त्याने डोकं चालवलं. वरच्या खिळ्यावरची एक पन्नी ओढली, फुंकर मारून फुगवली, त्यात शेव ओतून काट्यावर अर्धा किलो तोलली. मग ती पन्नी माझ्या डब्यात रिकामी केली, अगदी प्रेमाने, खाली सांडू न देता. आणि पन्नी चुरगळून पायाशी टाकली.

मागच्या माणसाला घाई होती. मी म्हटलं, "भिया, वो पन्नी भी दे दो."

त्याने ती उचलून दिली. तेवढ्यात त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, डब्याला दोरीही बांधून दिली, प्लास्टिकची.

घरी आल्यावर आईंनी शेव तोंडात टाकून पाहिली, तिखट बरी आहे म्हणाल्या. मग पन्नी उलटी केली, आतली हळद-तेलाची पिवळी झाक साबणाने घासली, तीनदा विसळली आणि दोरीवर दुधाच्या पिशव्यांशेजारी चिमटा लावला. दोरीचा गुंता सोडवून तिची त्यांनी लहानशी गुंडी केली, ती त्यांच्या उशाच्या डब्यात आहे. कुठल्या तरी कामाला येईल म्हणतात.